तीसच्या तीस रोजे

(युवा शिबिरातील भाषणाचं शब्दांकन)



बिर्याणीनंतरचं पहिलं सत्र मला दिलंय आणि विषयही जेवणाचाच आहे, तेव्हा कुणाला डुलकी लागली तर मी मनावर घेणार नाही. पत्रिकेवर ‘युवकांचा आहार’ असं छापलंय. म्हणजे प्रोटीन किती खावं, मैदा सोडावा का, वडापाव किती वाईट, असं काहीतरी ऐकायच्या तयारीनं तुम्ही बसला असाल. ते आज नाही. ते सगळं तुमच्या मोबाइलवर सकाळ-संध्याकाळ चालू असतं आणि त्यातलं अर्धं न ऐकलेलंच बरं. मी बोलणार आहे ते जेवणाशी असलेलं नातंच बिघडतं त्या आजारांबद्दल. हे आजार आपल्या घरांत आहेत, पण आपण त्यांना वेगवेगळी चांगली नावं देऊन झाकून ठेवतो. परहेज, डाएट, नाजूक तब्येत, इबादत, फिटनेस.

गेली चौदा वर्षं मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. माझ्याकडे माणसं ‘चार्ट’ मागायला येतात. कुणाला शुगर, कुणाला थायरॉइड, कुणाचं दोन महिन्यांवर लग्न. त्यातल्या काहींना चार्टची गरजच नसते. त्यांना उलट कुणीतरी चार्ट हातातून काढून घ्यायची गरज असते.

एक उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. एकोणीस वर्षांची मुलगी, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. अम्मी घेऊन आली होती, तक्रार काय तर केस गळतात. उन्हाळ्यात तिच्या अंगात स्वेटर. बोटं थंडगार. अम्मी बोलत होती, मुलगी गप्प. अम्मी म्हणाली, “आमची मुलगी फार नेक आहे. बाहेरचं खात नाही, तेलकट खात नाही, सोमवार-गुरुवारचे नफिल रोजेही धरते.” मी सहज विचारलं, मागच्या रमजानचे किती रोजे कजा राहिलेत? अम्मीच्या चेहऱ्यावर अभिमान आला. म्हणाली, “एकही नाही. तीसच्या तीस केले तिनं.”

इथे बसलेल्या मुलींना कळलं असेल मी का थांबले ते. मुलांसाठी सांगते, कारण तुम्हाला हे घरात कुणी सांगत नाही आणि सांगायला हवं. पाळीच्या दिवसांत बाई रोजा धरत नाही, ते रोजे नंतर पूर्ण करते. एकोणीस वर्षांच्या मुलीचे तीसच्या तीस रोजे झाले, याचा अर्थ बहुतेक वेळा असा की त्या महिन्यात तिला पाळी आलीच नाही. तिला सहा महिने आली नव्हती. कमी अन्नावर चालणारं शरीर आधी ज्या गोष्टी बंद करतं त्यात पाळी असते. घरात मात्र तिचं कौतुक चाललं होतं, नातेवाइकांत तिचं उदाहरण दिलं जात होतं. पाळी चुकण्याची दुसरीही कारणं असतात, पीसीओडी असतं, थायरॉइड असतं, हे मला माहीत आहे. पण म्हणूनच डॉक्टरला दाखवायचं असतं. कौतुक करून सोडून द्यायचं नसतं.

या आजारांची नावं एकदा सांगते. एक ॲनोरेक्सिया नर्व्होसा. वजन वाढायची जबरदस्त भीती, खाणं कमी कमी करत नेणं, आणि आरशात स्वतःचं शरीर आहे त्याहून जाड दिसणं. लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी 1873 मध्ये हे नाव दिलं. नाव थोडं फसवं आहे, त्याचा शब्दार्थ होतो भूक न लागणं. प्रत्यक्षात भूक लागते, भरपूर लागते, माणूस ती दाबून ठेवतो. दुसरा बुलिमिया. थोड्या वेळात खूप खाल्लं जातं, हात थांबत नाही, मग ते ‘फेडायचं’ म्हणून उलटी काढणं, जुलाबाच्या गोळ्या, तासन् तास व्यायाम, किंवा पुढचे दोन दिवस उपाशी राहणं. हेही लंडनमध्येच जेराल्ड रसेल यांनी 1979 मध्ये वेगळा आजार म्हणून मांडलं. बुलिमियात वजन बहुधा सर्वसाधारण राहतं, त्यामुळे शेजारी झोपणाऱ्या बहिणीलाही वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. तिसरा बिंज इटिंग डिसऑर्डर. यात ताबा सुटून खाणं आहे, पण फेडणं नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत त्याला 2013 मध्ये स्वतंत्र जागा मिळाली.

आता कुणी म्हणेल, मॅडम, वलीम्याला गेलो की आम्ही सगळेच ताबा सुटून खातो. नाही. दावतीत तुम्ही चारचौघांत खाता, हसत खाता, नंतर पोटावर हात फिरवत झोपता. या आजारात माणूस रात्री सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात उभ्यानं खातो, चव लागत नाही तरी खातो, रिकामी पाकिटं कपाटात लपवतो, आणि नंतर त्याला स्वतःची किळस येते. आठवड्यातून एकदा तरी आणि तीन महिने असं होत असेल, तर त्याला आजार म्हणतात.

हे श्रीमंतांचे, गोऱ्यांचे, मॉडेल लोकांचे आजार आहेत हा समज काढून टाका. अमेरिकन गायिका कॅरन कारपेंटर 1983 मध्ये बत्तिसाव्या वर्षी ॲनोरेक्सियाच्या परिणामांमुळे गेली, तेव्हा जगाला हा आजार कळला. राजकुमारी डायनाने 1995 मध्ये बीबीसीच्या मुलाखतीत आपल्याला बुलिमिया होता हे सांगितलं. बातम्या त्यांच्याच होतात. माझ्याकडे येतात त्यांत रिक्षावाल्याची मुलगी असते, मदरशात शिकवणारी असते, भिवंडीहून आलेला मुलगाही असतो.

अजून एक समज असा की हे नखरे आहेत. “दोन वेळा उपाशी ठेवा, आपोआप खाईल.” याला उत्तर म्हणून मी एक प्रयोग सांगते. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, 1944-45 मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीझ यांनी 36 धडधाकट तरुणांवर तो केला. शस्त्र हातात घ्यायला नकार दिलेले हे तरुण स्वतःहून तयार झाले होते. त्यांना सहा महिने नेहमीच्या साधारण निम्मं अन्न दिलं. झालं काय? हट्टेकट्टे पुरुष चिडचिडे झाले, उदास झाले, त्यांना सतत थंडी वाजू लागली, मित्रांशी बोलणं नकोसं झालं. दिवसभर डोक्यात अन्नच. पाककृतींची पुस्तकं वाचायचे, जमवायचे. ताटातल्या घासांचे बारीक तुकडे करून तासभर चघळत बसायचे. पुन्हा भरपूर अन्न मिळायला लागल्यावर काहींना कितीही खाल्लं तरी पोट भरल्यासारखं वाटेना. त्यांच्यापैकी कुणी नखरेल नव्हतं. उपाशी मेंदू असाच वागतो. म्हणून घरातली एखादी मुलगी स्वयंपाकाच्या रील्स तासन् तास बघते, सगळ्यांसाठी खीर करते, सगळ्यांना आग्रह करून वाढते आणि स्वतः चमचाभरही खात नाही, तर तिला सुगरण म्हणून मोकळे होऊ नका. तिच्या ताटाकडे बघा.

आता रोज्यांबद्दल. मी आलिमा नाही, त्यामुळे मसला सांगणार नाही. पण सूरह अल-बकरामध्ये जिथे रोज्यांचा हुकूम आहे, तिथेच लगेच आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत आहे, नंतरच्या दिवसांत पूर्ण करायची मुभा आहे, आणि ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी फिदियाचा, गरिबाला जेवू घालण्याचा मार्ग आहे, एवढं आपण सगळ्यांनी वाचलेलं आहे. साखरेचा आजार असलेल्या दादीला आपण ही सवलत लगेच देतो. डायलिसिसवरच्या चाचांना देतो. ज्या मुलीचं हृदय कमी पोटॅशियममुळे अडखळत चाललंय तिला देत नाही, कारण तिचा आजार रिपोर्टच्या फाइलमध्ये नसतो, तिच्या वयाला शोभत नाही.

अब्दुल्लाह बिन अम्र यांची हदीस तुम्ही ऐकली असेल. तरुण होते, रोज रोजा आणि रात्रभर नमाज असा त्यांचा क्रम होता. पैगंबरांनी त्यांना बोलावून तो थांबवायला सांगितला, तुझ्या शरीराचाही तुझ्यावर हक्क आहे असं समजावलं. महिन्यातून तीन रोजे पुरेत म्हणाले. ते आणखी मागत राहिले, तेव्हा एक दिवसाआड, त्यापुढे नाही, इथे गोष्ट थांबली. मला या हदीसमध्ये एक फार ओळखीचा तरुण दिसतो. चांगल्या कामातही ज्याला थांबता येत नाही असा. त्यांना आजार होता असं मी म्हणत नाहीये, गैरसमज नको. मी एवढंच बघते की त्या वेळी कुणीतरी वडीलधाऱ्यानं हटकलं, शाबासकी दिली नाही.

माझ्याकडे येणाऱ्या मुला-मुलींना मी रमजानच्या दोन महिने आधी काही प्रश्न विचारते. तुम्हीही स्वतःला विचारून बघा. उत्तर मला द्यायचं नाहीये. सहरीला उठायला होत नाही म्हणून तुम्ही उठत नाही, की सहरी चुकली की आतून बरं वाटतं? इफ्तारची वेळ जवळ येते तशी भूक वाढते की धास्ती? इफ्तारनंतर लगेच बाथरूममध्ये जायची घाई असते का, आणि नळ सोडून ठेवता का? तरावीहला उभं राहताना रकातींचा हिशोब मनात असतो की जळालेल्या कॅलरींचा? ईद उद्यावर आली की शीरखुर्म्याच्या विचारानं छातीत धडधडतं का? आणि रमजान संपल्याचं वाईट वाटतं ते नेमकं कशासाठी? न खाण्याचं एक सन्मानाचं कारण गेलं म्हणून तर नाही ना?

शेवटच्या प्रश्नाला एकदा एक मुलगी रडायलाच लागली. म्हणाली, बाकीचे अकरा महिने मला रोज नवीन खोटं बोलावं लागतं. कॉलेजात खाल्लं, मैत्रिणीकडे खाल्लं, पोट दुखतंय.

असा आजार असेल तर रोज्याचा निर्णय एकट्यानं घ्यायचा नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरला आधी विचारायचं, आणि त्यांचं म्हणणं घेऊन ज्यांच्यावर विश्वास आहे अशा आलिमकडे जायचं. त्या मुलीनं त्या वर्षी रोजे धरले नाहीत. तिच्या अब्बूंनी घरात सांगून टाकलं की डॉक्टरांनी मनाई केलीय, कुणी काही विचारायचं नाही. त्या एका वाक्यानं तिचं निम्मं ओझं उतरलं. तिलावत तिनं केली, मोहल्ल्यातल्या घरांसाठी इफ्तारीचे डबे भरले. आणि दुपारी दोन वाजता खालाच्या घरी जाऊन खालासमोर बसून जेवली. एकटीला सोडायचं नाही असं आमचं ठरलं होतं.

मुलग्यांचं बोलते. तुमच्यात हे जिमच्या दारातून येतं. ‘बल्किंग’, ‘कटिंग’, भात बंद, पाणी कमी, आरशात रोज फोटो, आणि एक दिवस व्यायाम चुकला की दिवसभर अपराधी वाटणं. मुलगा बारीक होत गेला तर म्हणतात टेन्शन असेल, आणि पिळदार झाला तर म्हणतात माशाअल्लाह. मित्रांसोबत चहा-खारी खायला तो येईनासा झाला, हे मात्र पहिल्यांदा तुमच्याच लक्षात येणार आहे. घरच्यांच्या नाही.

रिश्त्याबद्दलही बोलायला हवं. मुलगी बघायला येतात तेव्हा तिच्यासमोरच “थोडं वजन कमी करा” असं सांगून जाणारी माणसं मी पाहिली आहेत, समोसे खात खात. निकाहच्या तारखेपर्यंत आठ किलो उतरव असं म्हणणाऱ्या सासवाही. हा आजार फक्त अशा बोलण्यानं होत नाही, त्यात स्वभाव असतो, आनुवंशिकता असते, कधी जुनी जखम असते. पण ठिणगी पुष्कळदा अशा वाक्यांची असते. तेव्हा माझी एक विनंती आहे. ईदला भेटल्यावर “किती बारीक झालीस!” किंवा “काय गं, सुटलीस!” यातलं काहीच म्हणू नका. दुसरं बोलायला काही सुचत नसेल तर हवामानाबद्दल बोला.

आता मदत कशी घ्यायची. ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी 1999 मध्ये पाच साधे प्रश्न तयार केले, ते जगभर वापरतात. पोट फार भरल्यानं अस्वस्थ वाटून तुम्ही मुद्दाम उलटी काढता का? किती खातो यावरचा ताबा सुटलाय अशी चिंता वाटते का? गेल्या तीन महिन्यांत सहा किलोंहून जास्त वजन उतरलंय का? इतर लोक बारीक म्हणत असताना तुम्हाला स्वतः जाड आहोत असं वाटतं का? अन्नानं तुमचं सगळं आयुष्य व्यापलंय असं म्हणाल का? दोन किंवा जास्त उत्तरं ‘हो’ आली तर डॉक्टरांकडे जायचं. हे निदान नाही, दार ठोठवायचं कारण आहे.

पहिल्यांदा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे गेलात तरी चालेल. फक्त ‘अशक्तपणा आहे’ एवढं सांगू नका, नाहीतर टॉनिक लिहून मिळेल. स्पष्ट सांगा, मी जेवण टाळते, किंवा जेवल्यावर उलटी काढतो. ते नाडी, बीपी बघतील, ईसीजी काढतील, रक्तात सोडियम-पोटॅशियम तपासतील. हे सगळं नॉर्मल आलं तरी आजार नाही असा अर्थ होत नाही, हे घरच्यांना सांगून ठेवा. पुढे मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक आणि आहारतज्ज्ञ असे तिघं मिळून उपचार करतात. किशोरवयीन मुलांसाठी लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलमध्ये एक पद्धत विकसित झाली, तिच्यात काही काळ जेवणाची सूत्रं आईवडील हातात घेतात, घरातलं कुणीतरी प्रत्येक जेवणाला सोबत बसतं. मला वाटतं आपल्या दस्तरखानाला ही पद्धत मुळीच परकी नाही. फक्त तिथे टोमणे बंद ठेवावे लागतील. वेळ लागतो, महिने लागतात, कधी वर्षं. पण पुष्कळ जण पूर्ण बरे होतात, मी त्यांची लग्नाची जेवणं जेवलेय.

काही वेळा मात्र थांबायचं नाही, त्याच रात्री दवाखाना गाठायचा. चक्कर येऊन पडणं, छातीत ठोके चुकणं, उलटीत रक्त, पाणीही पोटात न टिकणं, किंवा जगावंसं वाटत नाही असं बोलणं. ॲनोरेक्सिया हा मानसिक आजारांतल्या सर्वात जीवघेण्या आजारांपैकी आहे, म्हणून हे सांगतेय. आणि बरेच दिवस उपाशी असलेल्या माणसाला प्रेमापोटी एकदम भरभरून खाऊ घालू नका. शरीरातले क्षार अचानक बिघडून जीवावर बेतू शकतं. सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

नजर लागली म्हणून दम करून आणतात. करा, दुआ करा, माझी हरकत नाही, मीही करते. पण आमिलनं ‘गोळ्या बंद कर’ म्हटलं तर तिथून उठून या.

लोकांना कळेल ही भीती मी रोज ऐकते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं उपचारांची गोपनीयता हा तुमचा हक्क केला आहे. डॉक्टर तुमच्या फुफूला फोन करून सांगणार नाहीत. समोर जायची हिंमत होत नसेल तर आधी फोन करा. 14416 हा सरकारच्या टेलिमानस सेवेचा नंबर आहे, मोफत आहे, रात्री-बेरात्रीही चालतो, मराठीतून बोलता येतं. लिहून घ्या, मी थांबते.

आणि घरात कसं सांगायचं? सगळी कहाणी सांगायची गरज नाही. “अम्मी, मला जेवणाची भीती वाटते, मला डॉक्टरकडे जायचंय.” एवढं एकच वाक्य. अम्मीला सांगता येत नसेल तर खाला, आपा, शिक्षिका, जो ऐकेल तो. मैत्रिणीबद्दल शंका असेल तर “तू खात का नाहीस” असं विचारू नका, त्यावर तिच्याकडे तयार उत्तर असतं. “तू हल्ली आमच्यात नसतेस, मला काळजी वाटते” असं म्हणा, आणि ती चिडली तर आठ दिवसांनी पुन्हा म्हणा.

चिठ्ठ्या आल्यात. बाकीच्या चहानंतर घेऊ, एकच आत्ता वाचते. “मी मुलगा आहे. वर्षभर उलट्या काढतोय. आमच्याकडे खासगी डॉक्टरची फी परवडत नाही, आणि अब्बूंना सांगितलं तर मारतील. कुठे जाऊ?”

भाऊ, सरकारी मेडिकल कॉलेजच्या कोणत्याही हॉस्पिटलात मनोविकार विभागाची ओपीडी असते, जिल्हा रुग्णालयांतही ही सोय बहुतेक ठिकाणी आहे. सकाळी लवकर जा, केसपेपरच्या खिडकीवर फक्त विभागाचं नाव सांग, तिथे कारण सांगत बसावं लागत नाही. शुल्क अगदी नाममात्र असतं. तू अठरा वर्षांचा झाला असशील तर अब्बूंना बरोबर न्यायची सक्ती नाही. नसशील तर घरातला दुसरा एखादा मोठा माणूस लागेल, मामू असतील, मोठी आपा असेल. डॉक्टरांना वर्षभर उलट्या काढतोय हे पहिल्याच वाक्यात सांग आणि पोटॅशियम तपासायला सांग. ते याच आठवड्यात करायचं आहे. दातांवरही परिणाम झाला असेल, तेही दाखव. चहाच्या वेळेत मी त्या मागच्या खोलीत आहे. दार उघडंच असेल, आत येताना कुणी विचारलं तर सांग, डाएट चार्ट घ्यायला आलोय.